‘दिली’ म्हणायचं राहिलं

काकू, जुई आता पलंगाच्या मधोमध झोपते. हातपाय पसरून, उशी खाली पाडून, कुठलीही पाच वर्षांची मुलगी दुपारी झोपेल तशी. तू जाऊन महिना होत आला आणि तुला सांगण्यासारखी पहिली गोष्ट माझ्याकडे हीच आहे.

येणारे-जाणारे म्हणतात, पोर रुळली. मी मान हलवते. ती इतके दिवस भिंतीला चिकटून का झोपायची, शेजारची जागा कुणासाठी ठेवायची, हे तुला आणि मला माहीत होतं. आता मला एकटीलाच माहीत आहे. ते माझ्याच्याने सांभाळवत नाही म्हणून लिहायला बसले. बोलून दाखवणं मला कधी जमलं नाही, आणि हे सगळं त्या न जमण्याबद्दलच आहे.

तुझ्या भावाची बातमी आली तो दिवस आठवतो. संदीपमामा श्रीरामपूरकडच्या कारखान्यात साखर करायला शिकला. मग युगांडातल्या एका साखर कारखान्याने बोलावलं म्हणून बायको वैशाली आणि लहानगी जुई यांना घेऊन तिकडे गेला. रस्त्यावर समोरून ट्रक आला आणि दोघंही जागच्या जागी गेली. तू फरशीवर बसून रडत होतीस. मग नळ बंद करावा तशी एकदम थांबलीस आणि म्हणालीस, "पोरगी कुठं हाय?"

पोरगी मागच्या सीटवर होती. कपाळावर फक्त एक ओरखडा. तिथल्या सरकारी लोकांनी तिला बालगृहात ठेवलं होतं.

"मी आननार तिला," तू म्हणालीस.

"आपण आणू," काका म्हणाले. तुमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. 

कागद जमवायला चार महिने गेले. वैशालीच्या आईनं अंथरुणातूनच संमतीचा अंगठा दिला. काकांचं इंग्रजी नागापूरच्या एमआयडीसीतल्या मशीनपुरतं, म्हणून तू मला वरच्या मजल्यावरून खाली बोलावलंस आणि जमलेल्या सगळ्यांसमोर जाहीर केलंस, "आमची मॅडम हाय ना! नर्सरीपासून इंग्लिश मीडियम. बोलंल फडाफडा."

फडाफडा! दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जाणारी मी. माझं इंग्रजी डोक्यात होतं, तोंडात नव्हतं. मराठीचंही तसंच होतं. तुला हे ठाऊक होतं, तरी तू मलाच नेलंस.

बॅग भरताना तू कपड्यांच्या आधी ओटीचं सामान ठेवलंस. हिरवा खण, तांदळाची पुरचुंडी, सुपारी, हळदकुंकू, नारळ.

"तिकडे कुणाची ओटी भरणार आहेस?"

"पोर देईल तिची."

मला कळलं नाही. मग तू खण दुमडता दुमडता सांगितलंस. तुमच्याकडे राहुरीच्या बाजूला दत्तक म्हणजे मांडीवर घेणं, आणि तेही शब्दशः. घेणारी पदर पसरून बसते. देणारी मूल तिच्या मांडीवर ठेवते आणि मोठ्याने म्हणते, "दिली." घेणारी म्हणते, "घेतली." असं तीन वेळा. मग देणारीची ओटी भरायची, कारण तिची कूस तेवढ्यापुरती रिकामी झालेली असते. "तवर पोर आनलेली आसती, दिलेली नसती. कागद कितीबी करा."

"पण काकू, देणारी तर..."

"म्हनून तर म्हनते. कुनीतरी तिच्या वतीनं म्हनाया पायजे."

त्याच वेळी तू मला वैशालीचं ते सांगितलंस. ती परदेशी निघाली तेव्हा तुझ्या माहेरच्या ओट्यावर बसून जुईला दूधभात भरवत होती. तू अर्धं गमतीत, अर्धं पोटातून म्हणालीस, "वैशे, एवढी लांब चाललीस. ही माझ्या मांडीवर दे की." तिनं मान वर न करता पुढचा घास कालवला आणि म्हणाली, "बघू."

"न्हाई म्हनली आसती तर मी इसरले आसते," तू म्हणालीस. "बघू म्हनली. बघूचा काय अर्थ घ्यायचा सांग."

प्रवासाचं मला आता तुटक तुटक आठवतं. मुंबईला विमानतळावर नारळ काढून घेतला तो पहिला तुकडा. तपासणारी मुलगी म्हणाली, "मावशी, नारळ नेता येत नाही."

"पान्याचा हाय गं, दारूगोळ्याचा न्हाई."

मागच्या रांगेतली माणसं हसली आणि मला जमिनीत जावंसं वाटलं. तू मात्र नारळाला हात लावून तो हात कपाळाला लावलास, आणि त्या मुलीला म्हणालीस, "फोडशील तर देवाम्होरं फोड, कचऱ्यात टाकू नको."

मधल्या विमानतळावर नऊ तास. तुझे पाय सुजून चपला मावेनात. तू तीन खुर्च्यांवर पदर तोंडावर घेऊन आडवी झालीस आणि काका चहा शोधायला गेले ते दीड तासाने रिकाम्या हाताने आले. पुन्हा विमान, पुन्हा रांग, पिवळ्या तापाची टोचणी घेतल्याचं कार्ड दाखवायची वेगळी रांग. मग तांबड्या मातीचा रस्ता. शहरातून जाताना झाडांवर, दिव्याच्या खांबांवर, कचऱ्याच्या ढिगावर माणसाच्या कमरेएवढे टकले पक्षी उभे होते. त्यांच्यातला एकही हलत नव्हता. तू काचेला नाक लावून बघत राहिलीस.

"हे कुनाची वाट बघत्यात?" तू विचारलंस. ड्रायव्हरला विचारायला सांगितलंस. मी विचारलं नाही. तुला म्हणाले, त्यालाही माहीत नाही.

बघ, तिथूनच सुरुवात झाली होती.

कारखाना जवळ आला तसा दोन्ही बाजूंना ऊस लागला आणि गाडीत मळीचा वास शिरला. तू पहिल्यांदा हसलीस. "हा तर श्रीरामपूरचा वास!" आणि लगेच हसणं आवरलंस, कारण त्याच वासात तुझा भाऊ दोन वर्षं राहिला होता.

बालगृहाच्या अंगणात जुई एका लांब बाकाच्या टोकाला बसली होती. तू तिच्या शेजारी बसलीस. तिनं तुझ्याकडे पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही, आणि हळूच म्हणाली, "सरक ना थोडं." तू सरकलीस. मध्ये एका माणसाची जागा राहिली. तू हात पुढे केलास तर तो तिनं धरला, पण त्या जागेच्या वरून, तिथे कुणाच्या मांडीला लागू नये अशा बेताने.

तेवढ्यात तिनं फाटकाकडे मान वळवली आणि म्हणाली, "ओ."

आपण तिघांनी फाटकाकडे बघितलं. तिथे कुणी नव्हतं. दुपारची वेळ होती आणि अंगणात सावलीसुद्धा नव्हती.

बालगृहाच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ही दिवसातून बऱ्याचदा असं म्हणते. आम्हाला वाटलं तुमच्या भाषेतला काही शब्द असेल. ‘ओ’ म्हणजे काय?

मी सांगितलं, आमच्यात कुणी हाक मारली की असं म्हणतात.

 हातातला किल्ल्यांचा जुडगा त्यांनी वाजू नये म्हणून मुठीत धरला, एवढं मला दिसलं.

"काय म्हनली ती?" तू विचारलंस. हे मात्र मी जसंच्या तसं सांगितलं. तू जुईसमोर उकिडवी बसलीस आणि तिची हनुवटी धरून म्हणालीस, "हे बघ बाळा, हाक मारनारं मानूस दिसल्याबिगर ओ द्यायची न्हाई. कळलं? आवाज वळखीचा आसला तरी न्हाई."

"का?"

"आपल्यात तसंच आसतं."

मग तीन आठवडे हेलपाटे. कुठल्याशा कागदावर तुझं नाव सुनंदा होतं आणि पासपोर्टवर सुनंदाबाई, तर या दोन बायका एकच आहेत हे सिद्ध करण्यात सहा दिवस गेले. "घरी पन मला दोन बायकांचं काम पडतं, सांग त्यांला," तू म्हणालीस. कोर्टाची तारीख दोनदा पुढे गेली. मी रोज आदल्या दिवशी वाक्यं पाठ करायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच म्हणायचे. पाठ केलेलं मी बोलू शकत होते.

ताबा द्यायच्या दिवशी जे झालं ते मी पाठ केलेलं नव्हतं.

बालकल्याणाच्या सरकारी ऑफिसातली ती खोली लहान होती. करड्या सूटमधल्या उंच ऑफिसर बाई, दोन कारकून, बालगृहाच्या बाई, तुझ्या शेजारच्या खुर्चीवर काका, आणि दारात आपला नंबर यायची वाट बघणारी बरीच माणसं. सह्या झाल्या. शिक्के बसले. ऑफिसर बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. आणि तू खुर्चीवरून उठून सरळ फरशीवर मांडी घालून बसलीस आणि पदर पसरलास.

कारकुनाचं पेन थांबलं. दारातल्या माणसांनी माना पुढे काढल्या. ऑफिसर बाई अर्धवट उठल्या. त्यांना वाटलं तुला चक्कर आली.

"त्यांला सांग," तू मला म्हणालीस, "पोरगी माझ्या मांडीवर ठिवा आन् म्हना, दिली. मराठीत नका म्हनू, तुमच्या बोलीत म्हना. पन म्हना. आईच्या वतीनं."

सगळे माझ्याकडे बघत होते. काकू, माझे कान असे तापले होते की मला तुझा आवाजही लांबून आल्यासारखा वाटत होता. फरशीवर बसलेली तू, पसरलेला पदर, त्या बाईंचं सौजन्याचं हसू. मी इंग्रजीत म्हणाले, "सगळं पूर्ण झालं का, असं त्या विचारतायत."

"हो, हो, कम्प्लीट. एव्हरीथिंग इज कम्प्लीट," बाई म्हणाल्या.

"काय म्हनली?"

"तसा नियम नाही म्हणतात."

 तू गुडघ्यावर हात टेकून उठलीस, पदर खांद्यावर घेतलास आणि त्या बाईंना हात जोडलेस. खण आणि तांदूळ तुझ्या पिशवीतच राहिले.

बाहेर पडताना जुईचा उजवा हात तुझ्या हातात होता. मी मागून चालत होते. तिचा डावा हातही थोडा वर होता, मूठ अर्धी मिटलेली, दुसऱ्या बाजूने कुणी उंच माणूस तिला धरून चालत असल्यासारखी. मला वाटलं मलाच दिसतंय. मग तुझं लक्ष तिकडे गेलं, आणि तू त्या बाजूला रस्ता मोकळा राहील अशी जरा कडेला झालीस.

घरी नगरला परत आल्यावर तू सगळ्यांना सांगत सुटलीस, "तिथली बाई लई नियमाची पक्की. आपलं काय ऐकती व्हय?" त्या बाईंचं नाव घेतलं की मी पाणी प्यायला आत जायचे.

मग ते पाच महिने. जुई ताटात अर्धी पोळी ठेवायची आणि ताट सरकवून द्यायची. तू पहिल्या आठवड्यात ओरडलीस, दुसऱ्या आठवड्यात तिला दीड पोळी वाढायला लागलीस. सावेडीतल्या शेजारणी म्हणायच्या, पोर गुणाची आहे, एकटी खेळते. ती एकटी खेळत नव्हती. भातुकलीत ती दोन माणसांचा चहा करायची आणि तिसरा तुला द्यायची. "ओ" मात्र तिनं तुझ्या सांगण्यावरून बंद केली होती. कधी कधी खेळता खेळता ती ओठ घट्ट मिटून बसायची, हात मांडीवर, आणि हाक संपेपर्यंत थांबायची. मी ते जिन्यावरून बघितलंय.

मी घरूनच काम करते. दुपारी खालचं सगळं वर ऐकू येतं. एकदा बाराच्या सुमाराला मी पाण्याची बाटली भरायला उतरले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी थांबले. तू भाजी निवडत होतीस आणि बोलत होतीस.

"बस म्हनलं तर बसत न्हाईस, जा म्हनलं तर जात न्हाईस. नव्या नवरीवानी दारात उभी. आगं, तुझंच घर हाय. पन दे की आता, वैशे. किती बघू करशील?"

आणि मग तू थांबलीस. समोरच्याचं ऐकून घ्यावं तेवढा वेळ. "बरं," म्हणालीस, आणि पुढची जुडी उचललीस.

त्यावरून आपलं भांडण झालं. मी, जी कुणाशी भांडत नाही, ती तुझ्याशी भांडले. म्हणाले, मुलीला डॉक्टरकडे ने, मनाच्या डॉक्टरकडे. हे दुःख आहे, त्याला नाव आहे, त्यावर उपाय आहेत. तू तिच्या डोक्यातलं भूत खायला घालून मोठं करते आहेस.

"आसंल त्याला नाव तुझ्या पुस्तकात," तू म्हणालीस. तू चिडली नव्हतीस. "पन नाव ठिवलं म्हंजे ते गेलं का? आन् ती काय वंगाळ हाय का गं? आई हाय. पोर कुनाला दिल्याबिगर कशी जाईल बिचारी?"

"मग तिनं दिलीच नाही तर?"

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता तू ऑफिसचं विचारशील.  तेव्हा सांगितलं असतं, काकू, तर सांगून झालं असतं.

"बघू," तू म्हणालीस.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुई जिना चढून वर आली. ती कधी एकटी वर येत नसे. माझ्या टेबलाजवळ उभी राहिली. तिचं तोंड कोरडं होतं आणि ती अगदी शांत होती.

"मम्मीनी हाक मारली," ती म्हणाली. "मी ओ नाही दिली. आत्यानी दिली."

मी खाली धावले. तू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होतीस, तोंड मागच्या दाराकडे, एक हात पुढे. कुकरची शिट्टी होत होती. गॅस बंद करायला तुला ओलांडून जावं लागलं. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं आणि तेच खरं असेल. तुझी गोळी दोन दिवस घ्यायची राहिली होती, हे नंतर पाकीट बघून कळलं. मला सगळं कळतं. पण तुझा चेहरा मी पाहिला आहे. घाबरलेलं माणूस असं दिसत नाही. कुणीतरी बऱ्याच दिवसांनी हो म्हणालंय, असा तो चेहरा होता.

जुई काय म्हणाली ते मी कुणालाही सांगितलं नाही. तिला जवळ घेऊन एवढंच विचारलं, "आत्या काय म्हणाली, परत सांग."

"ओ, आले. असं म्हणाली."

त्या दुपारपासून तिनं ताटात काही ठेवलं नाही. भातुकली पेटीत गेली. चालताना तिचा डावा हात खाली असतो आणि मोकळा हलतो. घरात आता कुणी नाही, काकू. मला तुझं असणंसुद्धा जाणवत नाही. एवढ्या मोठ्या दुपारी घर इतकं रिकामं असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

तुझं दिवसकार्य झाल्यावर नातेवाईक बोलायला लागले. काका सात-तीनच्या पाळीत, घरात बाई नाही (मला कुणी धरतच नव्हतं), मुलीची जात. श्रीरामपूरला चांगलं वसतिगृह आहे म्हणे. तिकडे नुसता ताबा मिळाला होता, दत्तकाच्या कागदाची इथल्या कोर्टातली तारीख अजून लागायची होती, म्हणजे सोडवायला काही अवघड नाही म्हणे. काका ऐकून घेत होते. एका दुपारी सगळे गेल्यावर ते जुईचा फ्रॉक घडी करत बसले होते. तीच बाही चौथ्यांदा दुमडली तेव्हा म्हणाले, "मी घेऊ का नको, मला समजत नाही. देणारं कुणी नव्हतं. आता घेणारी पण गेली. मग ही राहिली कुणाची?"

तेव्हा मी त्यांना सांगितलं. ऑफिसमध्ये तू काय म्हणालीस आणि मी काय म्हणाले, ते शब्दाला शब्द. मला वाटलं ते उठून जातील.

काकांनी फ्रॉक बाजूला ठेवला. "कम्प्लीट एवढं इंग्रजी मला येतं गं," ते म्हणाले. "मशीनवर रोज येतं ते. तू जे विचारलंस आणि बाई जे म्हणाली, त्यात मांडी नव्हती, आई नव्हती. मला तिथंच कळलं."

"मग तुम्ही..."

"मी पण लाजलो. एवढी माणसं बघत होती. गेस्ट हाऊसवर आलो, व्हरांड्यात बसलो, तेव्हा तुझ्या काकूला सांगितलं."

"काकूला माहीत होतं?"

"त्याच दिवशी. मी म्हणलं, उद्या परत जाऊ, तुला नीट विचारायला लावू. तर म्हणाली, तिला बोलू नका. जन्मात पहिल्यांदा एवढी बोललीय पोर, ते पण परक्या मुलखात, आपल्यासाठी. एक शब्द राहिला तर राहिला. जिची हाय ती सोबत यील, आन् तीच देईल."

काकू, पाच महिने तू ते बोलली नाहीस. चारचौघांत त्या परक्या बाईला नियमाची पक्की म्हणत राहिलीस, मी समोर बसलेली असताना. मला वाटायचं मी तुझ्यापासून लपवते आहे, आणि तू तर माझ्या अंगावर पांघरूण घालत होतीस. त्या शब्दापायी तू दारात मेलेलं माणूस उभं करून घेतलंस, त्याला बस म्हणालीस, त्याच्याशी भाजी निवडता निवडता घासाघीस केलीस, आणि शेवटी त्याच्या हाकेला ओ दिलीस. मला एकदा झापलं असतंस तरी चाललं असतं. मला ते फार हवं होतं.

आज काकांना सुट्टी होती. साडेबारा झाले होते. जुई झोपून उठली होती आणि तिच्या गालावर चादरीची घडी उमटली होती. मी खाली गेले आणि काकांना म्हणाले, फरशीवर बसा.

ते मांडी घालून बसले, आणि पदर नाही म्हणून दोन्ही हात पुढे पसरले. मी जुईला उचललं. ती जड झाली आहे, तुला कल्पना नाही. तिला त्यांच्या मांडीवर ठेवलं. देण्याचा हक्क माझा नाही हे मला कळत होतं. पण त्या दिवशी मी दोघींच्या मध्ये उभी होते. तू मागितलेलं माझ्याकडे अडकलं होतं, आणि वैशालीमामीचा शब्द आणणारंही दुसरं कुणी नव्हतं.

"आईच्या वतीनं," मी म्हणाले. "दिली."

"घेतली," काका म्हणाले.

"दिली."

"मला ऐकू नाही आलं," काका म्हणाले. त्यांचे डोळे वाहत होते आणि हात पोरीभोवती असल्याने ते पुसता येत नव्हते. "मला नाही आलं, तर तिला काय येणार?"

तिला म्हणजे कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी श्वास घेतला आणि दोनदा ओरडून म्हणाले, "दिली! दिली!" स्वयंपाकघरातली भांडी वाजली असतील एवढ्या मोठ्याने. माझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. जुई दचकली आणि मग खुदकन हसली. काका "घेतली, घेतली" म्हणत राहिले, तीनच्या पुढेही.

समोरच्या गॅलरीचं दार उघडलं. भालेरावबाई वाकून बघत होत्या, हातात ओलं फडकं.

"अगं, कोण ओरडलं? काय झालं?"

एरवी मी आत गेले असते. मी खिडकीशी गेले. "काही नाही, भालेरावकाकू. पोरगी दिली."

"अगंबाई! कुणाला?"

"काकूला," मी म्हणाले.